आधी परतायची वेळ ठरवा, मग पिशवी भरा

सप्रेम नमस्कार,

पत्राखाली तुम्ही ‘पिशवीवाली आजी’ अशी सही केली आहे, तेव्हा मीही त्याच नावाने हाक मारते. इतर वाचकांसाठी आधी पत्राचा गोषवारा देते. आजींना चार वर्षांची नात आणि पावणेदोन वर्षांचा नातू. मुलगा-सून दोघंही नोकरी करतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आजी-आजोबा मुलांना बागेत, प्राणिसंग्रहालयात, कधी कुणाकडे भेटायला घेऊन जातात. मध्यंतरी आजींनी दोन पिशव्या भरून नेल्या. तिकिटाच्या रांगेत नातीचे कपडे ओले झाले, आणि कोरडी चड्डी काही केल्या सापडेना. घरी आल्यावर ती पिशवीच्या तळाशी निघाली. सून हसत म्हणाली, “आई, अख्खा संसार घेऊन निघता तुम्ही!” आजींना ते लागलं. पुढच्या खेपेला त्या नुसती पाण्याची बाटली घेऊन निघाल्या, आणि नेमकी नातवाला गाडीत उलटी झाली. आजोबांचे गुडघे कुरकुरतात, आजींना मधुमेह आहे. त्या विचारतात: पिशवीत नेमकं काय असावं, आम्हा दोघांना ही दोन पोरं झेपतील का, आणि मूल कुठे पडलं-झडलं तर सुनेला सांगायचं की नाही?

पिशवीचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. तुमच्या पिशवीत वस्तू जास्त झाल्या असं मला वाटत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला, एवढंच. एका हाताने मुलाला धरून, न बघता, दुसऱ्या हाताला जे सापडतं तेच बाहेर उपयोगी पडतं. म्हणून मोठ्या पिशवीत आरपार दिसणाऱ्या छोट्या पिशव्या करा. नातीचा कपड्यांचा जोड एकीत, नातवाचा दुसरीत. प्रत्येकीत चड्डी किंवा डायपर, पँट, सदरा, मोजे, आणि घडी करून एक रिकामी पिशवी, ओले कपडे टाकायला. वेळ आली की अख्खी छोटी पिशवीच उचलायची, चड्डी शोधत बसायचं नाही. ओले वाइप्स बाहेरच्या कप्प्यात. स्वतःसाठीही एक जास्तीचा सदरा ठेवा, कारण मूल ओकतं ते ज्याने उचललंय त्याच्या अंगावर. आणि पिशवी परत भरायची ती घरी आल्यावर त्याच संध्याकाळी. निघायच्या सकाळी भरलेल्या पिशवीत हमखास काहीतरी राहतं, किंवा दोन महिन्यांपूर्वी ठेवलेली पँट आता गुडघ्यापर्यंतच येते.

औषधपाण्याची पिशवी छोटीशीच असू दे: चिकटपट्ट्या, थोडं गॉज, थर्मामीटर, ओआरएसची पुडी. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच ती पूर्ण कालवायची. मोठी पुडी सहसा एक लिटरची असते. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासभर पाण्यात टाकली तर क्षारांचं प्रमाण बिघडतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्या. उलटी झाल्यावर मूल तहानेने गटागटा प्यायला बघतं आणि पुन्हा ओकतं. तेव्हा दहाएक मिनिटं थांबून मग चमच्या-चमच्याने पाजा.

नातवाच्या त्या उलटीबद्दल मात्र एक शंका. गाडी लागणं हे साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतं, त्याआधी ते क्वचित दिसतं. म्हणून निघण्यापूर्वी त्याने काय आणि किती खाल्लं-प्यायलं होतं, अंग कोमट होतं का, हे आठवून बघा. भरल्या पोटी लगेच निघाला असाल, तर पुढच्या वेळी अर्धापाऊण तास थांबून निघा. नातीला मात्र या वयात गाडी लागू शकते. तिला खिडकीतून बाहेर, लांबवर बघू द्या. हातात मोबाईल किंवा चित्रांचं पुस्तक दिलंत की मळमळ वाढते.

खाऊबद्दल एवढंच, की अख्खी द्राक्षं, शेंगदाण्यासारखे दाणे, लाह्या, कडक गोळ्या या वयाला देऊ नका. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून चार फोडी करा. आडवं कापलेलं द्राक्ष गोलच राहतं आणि श्वासनलिकेत बुचासारखं बसू शकतं. चालत्या गाडीत मागे बसलेल्या मुलाला खायला देणंही टाळा, कारण ते घुसमटलं तर पुढच्याला कळतही नाही. घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थपके. नाही निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब. आलटून पालटून हेच करत राहायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी तातडीच्या मदतीसाठी फोन करायला लावायचं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर दाब देत नाहीत, तिथे पद्धत वेगळी आहे. घशात आंधळेपणाने बोट मात्र घालू नका, घास आणखी खाली जातो. हे वाचून पुरेसं येत नाही. प्रथमोपचाराचा वर्ग असेल तिथे तुम्ही आणि आजोबा दोघांनी एकदा बाहुलीवर करून बघाच. माझ्या मते दोन्ही पिशव्यांपेक्षा ते जास्त मोलाचं आहे.

आता खरं सांगायचं ते. तुमच्या पत्रात न्यायच्या वस्तूंची यादी आहे, जायच्या ठिकाणांची यादी आहे, पण घरी किती वाजता परतायचं हे कुठेच नाही. माझा अंदाज आहे की तुमचे निम्मे प्रसंग तिथेच घडतात. पावणेदोन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्रीची मिळून ११ ते १४ तास झोप लागते, चार वर्षांच्या मुलीला १० ते १३. नातवाची दुपारची झोप हेच तुमच्या सहलीचं घड्याळ समजा. तो एक वाजता झोपत असेल, तर साडेबारापर्यंत घराच्या वाटेला लागलेलं असायला हवं, मग हत्ती बघायचा राहिला तरी चालेल. तिकिटाचे पैसे वसूल करायची मोठ्यांची हौस मुलांच्या अंगावर येते. प्राणिसंग्रहालयात जाताना घरीच नातीला विचारा, कोणते तीन प्राणी बघायचे? ते बघून झाले की सहल पूर्ण. वेळ उरलाच तर गवतावर बसून मुंग्या बघू दे. पोरांना तेही तेवढंच आवडतं.

मुलं “मी दमलो” असं म्हणत नाहीत. ती दमली की हसणं किंचाळल्यासारखं होतं, सपाट जमिनीवर दोनदा अडखळतात, पाण्याची बाटली हव्या त्या रंगाची नाही म्हणून धाय मोकलून रडतात. ही चिन्हं दिसली की पंधरा मिनिटांत निघायचं, हे तुम्ही आणि आजोबांनी आधी ठरवून ठेवा. एकाने “चला” म्हटलं की दुसऱ्याने “अजून थोडा वेळ” म्हणायचं नाही.

रांगेतल्या त्या प्रसंगाचंही असंच. चार वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयात साधारण दीडशे ते पावणेदोनशे मिलिलीटर मावतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या निम्म्याहूनही कमी. त्यात खेळाच्या नादात तिला शेवटच्या क्षणी आठवण होते. “शू लागली का?” असं विचारलंत तर उत्तर “नाही” असंच येणार. विचारू नका, घेऊन जा. पोचल्याबरोबर एकदा, रांगेत उभं राहण्याआधी एकदा, आणि निघताना एकदा. यात तिचा काही दोष नव्हता, हे तिलाही सांगा. चारचौघांत ओले झालेले कपडे मुलांच्या फार लक्षात राहतात.

झेपेल का, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण तो फार थोडे आजी-आजोबा उघडपणे विचारतात. तुमच्या नातवाचं वजन साधारण साडेअकरा किलो असेल, नातीचं सोळाच्या आसपास. साडेअकरा किलोचं पोतं कडेवर घेऊन अर्धा तास चालायला आजोबांना कुणी सांगितलं, तर ते ऐकतील का? नातू म्हटला की मात्र विसर पडतो. म्हणून नात चालती-फिरती असली तरी बाबागाडी न्या. परतीच्या वाटेवर तिचेही पाय दुखणार आहेत. उचलायचंच असेल तर मुलाला आधी बाकावर किंवा पायरीवर चढू द्या आणि तिथून छातीशी घ्या, म्हणजे जमिनीपर्यंत वाकावं लागत नाही. किंवा उचलूच नका. बाकावर बसा आणि त्याला मांडीवर येऊ दे. त्याला तुमची मांडी हवी असते, तुमची उंची नाही.

प्रेमापोटी केलेल्या दोन गोष्टींनी इजा होते, त्याही सांगते. रस्ता ओलांडताना मूल हट्टाने खाली बसलं की आपण मनगट धरून ओढतो, किंवा दोघांनी दोन हात धरून झोका देतो. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये असा हिसका बसला की कोपराचं हाड किंचित जागेवरून सरकतं. मूल आधी रडतं, मग गप्प होतं, पण तो हात अंगालगत लोंबकळता ठेवतं, वापरतच नाही. डॉक्टर सहसा क्षणात तो जागेवर बसवतात. घरी चोळून किंवा ओढून बघू नका. उचलायचं ते काखेत हात घालून. दुसरी गोष्ट घसरगुंडीची. नातू घाबरतो म्हणून आजोबा त्याला मांडीवर घेऊन घसरतात, तसं तुम्ही लिहिलंय. एकटं घसरणाऱ्या मुलाचा बूट कडेला अडकला तर ते नुसतं थांबतं. मांडीवर असेल तर मोठ्या माणसाचं सगळं वजन त्याला खाली रेटत असतं आणि नडगीचं हाड मोडू शकतं. त्याला छोट्या घसरगुंडीवर एकट्याला बसवा आणि बाजूला उभं राहून धरा. तेवढंही नको असेल तर वर्षभर घसरगुंडी नको. उन्हात तापलेल्या घसरगुंडीला आधी स्वतःच्या हाताची मागची बाजू लावून बघत जा, आणि गळ्यात दोरी किंवा मफलर असलेले कपडे खेळताना काढून ठेवा.

तुमच्या मधुमेहाबद्दल दोन शब्द. मुलांच्या खाण्याच्या गडबडीत तुमचं जेवण लांबलं आणि घाम, थरथर सुरू झाली, तर आधी साखर तुम्ही घ्यायची, मुलांचं नंतर. दोन्ही मुलांना बाबागाडीत किंवा बाकावर बसवा आणि पंधरा ग्रॅम साखर पोटात जाईल असं काहीतरी घ्या, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या किंवा तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. हे नातीच्या खाऊच्या डब्यात नको, तुमच्या खिशात हवं. याउलट तुमच्या रोजच्या गोळ्या पर्समध्ये सुट्ट्या अजिबात ठेवू नका. आजीची पर्स उचकटणं हा या वयाचा आवडता उद्योग. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अशा असतात की एखाददुसरी गोळीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते, आणि परिणाम कित्येक तासांनी दिसतो. “खेळतोय की मजेत” म्हणून थांबू नका, गोळी गिळल्याची नुसती शंका आली तरी पाकीट हातात घेऊन सरळ दवाखाना गाठा. मुलांना उघडता येणार नाही अशा झाकणाची डबी मिळते. ती घ्या, आणि पर्स मुलांच्या पिशवीत कधी ठेवू नका.

दोन मुलं आणि दोन माणसं असली की हिशेब सोपा वाटतो. प्रत्यक्षात आजोबांना वाटतं तुम्ही बघताय आणि तुम्हाला वाटतं आजोबा बघताहेत. तेव्हा तोंडाने बोलायची सवय करा. “मी पाणी आणायला चालले, दोघं तुमच्याकडे.” आणि आजोबांनी “हो, माझ्याकडे” म्हटल्याशिवाय हलायचं नाही. सुरुवातीला हसू येईल. पाण्याजवळ, मग ते तळं असो, कारंजं असो की पसरट हौद, मूल हाताच्या अंतरावरच हवं. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही, आणि या वयाला काही सेंटिमीटर पाणीही पुरतं.

हरवण्याची भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण ती मनात असणारच. घरातून निघताना दारातच दोघांचा एक फोटो काढा. ऐन वेळी कोणते कपडे होते हे भल्याभल्यांना आठवत नाही. फोन नंबर मनगटाच्या पट्टीवर आतल्या बाजूने, किंवा पेनने हातावर लिहा. नाव मात्र कपड्यांवर दिसेल असं नको, नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलांना ओळखीचा वाटतो. नातीला शिकवा, की आम्ही दिसेनासे झालो तर आहेस तिथेच थांब आणि आजोबांचं पूर्ण नाव घेऊन ओरड. नुसतं “आजीऽऽ” म्हणून ओरडली तर बागेतल्या वीस आज्या वळून बघतील! मदत मागायची ती काउंटरमागच्या माणसाकडे, किंवा जिच्यासोबत मुलं आहेत अशा बाईकडे. आणि तुम्ही शोधताना आधी पाणी आणि रस्ता बघा, झोपाळे नंतर.

गाडीतल्या मुलांच्या खुर्चीचं काम तुमच्या मुलाकडून करून घ्या. ती नीट बसवणं अवघड असतं आणि पट्ट्याचं बटण म्हाताऱ्या बोटांना दबता दबत नाही. घरासमोर उभ्या गाडीत ते पाच-सात वेळा लावून-काढून बघा. आजोबांच्या अंगठ्याला जमत नसेल तर ते त्या दिवशी कळलेलं बरं. निदान दोन वर्षांचा होईपर्यंत नातवाची खुर्ची मागे तोंड करूनच हवी, आणि खुर्चीवर दिलेल्या वजन-उंचीत बसत असेल तर पुढेही. मांडीवर घेणं नको, अगदी जवळ जायचं असलं तरी. आणि “दोनच मिनिटं” म्हणून बंद गाडीत ठेवणंही नको. उन्हात उभ्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान दहाएक अंशांनी चढतं, आणि मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी भराभर तापतं.

राहता राहिली सूनबाई. “अख्खा संसार” हे मला तरी टोमण्यापेक्षा थट्टा वाटते. तुम्ही तिला रोज बघता, मी फक्त तुमचं पत्र वाचलंय, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण तिला या तयारीत घ्या. कपड्यांच्या दोन छोट्या पिशव्या तिने भरून द्याव्यात, मुलांचे आत्ताचे मापाचे कपडे तिलाच माहीत. आणि मुलगा-सून दोघांकडून एक कागद लिहून घ्या: मुलांची वजनं, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, दोघांपैकी कामाच्या वेळी कोण फोन उचलतं, आणि गरज पडली तर मुलांवर उपचार करायला तुम्हाला परवानगी आहे असं सहीनिशी. तापाच्या औषधाचा डोसही त्याच कागदावर, वजनाप्रमाणे, मिलिलीटरमध्ये, बाटलीच्या नावासकट. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगवेगळी असते. थेंबांचं औषध सिरपच्या मापाने दिलं तर डोस कैकपटीने जास्त होतो. मोजायला औषधासोबत आलेली पिचकारी, घरचा चमचा नाही. दिलं की वेळ कागदावर लिहा, म्हणजे घरी पोचल्यावर सून पुन्हा देणार नाही. आणि तुमच्या पर्समधली ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही.

पडल्याचं सांगायचं की नाही? सांगायचं. त्याच दिवशी, आणि नात सांगायच्या आधी तुम्ही. चार वर्षांची मुलगी “दादू धप्पकन पडला आणि आजी घाबरली” हे असं काही रंगवून सांगते, की गुडघ्यावरचं खरचटणंही दवाखान्याएवढं मोठं वाटतं. तुम्ही लिहिलंय की सून बोलेल म्हणून एकदा आजोबांनी मुलांना “आईला सांगू नका” असं बजावलं. हे मात्र आजोबांना अगदी स्पष्ट सांगा, पुन्हा नको. आईपासून गोष्टी लपवायला मुलांना आपण शिकवू नये. उद्या दुसरा कुणी तेच वाक्य वाईट हेतूने म्हणेल.

डोक्याला लागलं असेल तर सांगणं आणखी गरजेचं. मूल लगेच रडून दहा मिनिटांत खेळायला लागलं तर बहुतेक वेळा ठीक असतं, पण पुढचे एक-दोन दिवस लक्ष ठेवावं लागतं. पुन्हा पुन्हा उलटी, नेहमीपेक्षा वेगळी गुंगी, उठवूनही नीट जागं न होणं, झटके, तोल जाणं, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना. क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल तर वाटच बघायची नाही. आणि ही लक्षणं रात्री उमटली तर तेव्हा मुलांजवळ तुम्ही नसता, सून असते. कुठे पडला, किती उंचीवरून, किती वाजता आणि नंतर काय खाल्लं, एवढं निघताना तिच्या हातातल्या त्याच कागदावर लिहून द्या.